गोफणीचा पल्ला

कार्तिकी पौर्णिमा उलटून तिसरा दिवस होता. नत्थुजी राखणदार सकाळी वावरात न जाता सरळ मनकर्णाबाईंच्या ओसरीपुढे येऊन उभा राहिला. खांद्यावरची गोफण काढून त्याने उंबऱ्याशी ठेवली आणि मान खाली घालून म्हणाला, "बाई, मी चाललो. बडनेऱ्याकडं रेल्वेचा भराव टाकून राह्यले. तिथं दुप्पट रोज हाय."

मनकर्णाबाई सुपात तूर निवडीत बसल्या होत्या. त्यांची बोटे थांबली नाहीत. "जवारी दुधावर आली, आन् तू आज चालला?"

"थे काम काई माह्यासाठी थांबणार हाय?"

"नाई थांबत. जाय. जातानी भाकर खाऊन जाय."

त्या चार शब्द रागाने बोलल्या असत्या तर नत्थुजीला बरे वाटले असते. बारा वर्षे त्याने या घरची राखण केली होती. भाकर न खाताच तो निघाला आणि वेशीपर्यंत त्याने मागे वळून पाहिले नाही.

मनकर्णाबाईंनी गोफण डाव्या हाताने उचलली. अंबाडीच्या दोन दोऱ्या, मध्ये तळव्याएवढी विणलेली जाळी, एका दोरीच्या टोकाला बोटात अडकवायचा फासा. उजवा हात छातीच्या वर जाऊन त्यांना वीस वर्षे झाली होती.

नत्थुजी गेला त्या साली सगळ्या वऱ्हाडाला कापसाने वेड लावले होते. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस बंद पडला होता, आणि अमरावतीच्या बाजारात इथल्या कापसाला कधी कोणी ऐकला नाही असा भाव आला होता. नांदगाव खंडेश्वराच्या पंचक्रोशीत लोकांनी ज्वारीची वावरे मोडली, तुरीच्या ओळी मोडल्या, परसातसुद्धा सरकी टोकली. ज्येष्ठात मनकर्णाबाईंच्या लेकाने, शेषरावाने, नाल्याकाठच्या मोठ्या वावरातही पऱ्हाटीच, म्हणजे कापूसच, पेरायचा हट्ट धरला होता. तेव्हा त्यांनी जात्यावर हात ठेवून त्याला विचारले होते, "यात रुपये टाकून दाखव मले. पीठ पडते का थे पाहू." शेषरावाने हट्ट सोडला. टेकडीकडच्या वावरात पऱ्हाटी पडली, नाल्याकाठी ज्वारी.

आता त्यांचेच म्हणणे खरे ठरत होते. दुकानात दाणा मिळेनासा झाला होता. ज्यांच्या घरी चांदी आली होती ते पायलीभर ज्वारीसाठी तीन-तीन गावे हिंडत होते. मनकर्णाबाईंच्या अंगणातले धान्याचे पेव तळाला लागले होते. पाच माणसांची वर्षाची भाकर आणि सहा बैलांचा कडबा त्या एका वावरात उभा होता.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. दर साली पाखरे पन्नास वावरांत वाटली जात. या साली पाखरांना वावर एकच होते.

गावात मोकळा हात उरला नव्हता. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकुरवाळ्यांपर्यंत सगळे वेचणीला जात होते. शेषराव आणि त्याची बायको दुर्गा टेकडीकडे कापूस वेचायला लागली होती. उरली दोन पोरे. कौतिका तेरा वर्षांची, फाल्गुनात सासरी जायची. आणि चंद्रभान दहाचा.

"पोट्टी मचाणावर चढून गोफण मारून राहिली असं तिच्या सासरच्यायले समजलं त काय म्हणतीन?" रात्री जेवताना शेषराव म्हणाला.

"तिच्या सासरच्यायनं यंदा पऱ्हाटी पेरली का जवारी?"

"पऱ्हाटी."

"मंग थे काई म्हणत नाईत. चैत्रात दाणे मागाले येतीन."

दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरे वावरात आली. चार बल्ल्यांवर बांधलेले मचाण ज्वारीच्या मधोमध उभे होते. वरच्या फळ्या पाय ठेवताच कुरकुरत. चंद्रभान माकडासारखा वर चढला, गोफण गरगर फिरवली आणि तिच्या झोक्याने स्वतःच फिरून पाठीवर आपटला. खाली पडायचा तो बल्ली धरून वाचला.

"खाली ये," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पाखरं हसून मेली असती त बरं झालं असतं."

पहिले चार दिवस त्यांनी दोघांच्या हाती गोफणीचा मातीचा गुंडा दिलाच नाही. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, एका पायावर उभे केले. दुसरा गुडघा छातीशी, तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेला लोटा. पाणी सांडले की पुन्हा पहिल्यापासून. चंद्रभानाची बंडी दुपारपर्यंत भिजून गेली.

"आजी, पाखरं का पायानं हाकलाची?"

"हाव, पायानंच. हात त शेवटी येते."

मग त्यांनी कौतिकाला समोर उभे केले आणि बाभळीच्या काठीने तिच्या एकेका सांध्याला स्पर्श करीत सांगितले. उजव्या टाचेवर भार घ्यायचा. डावा पाय उचलायचा, पण अंग मागे कलू द्यायचे नाही. नाक बेंबीच्या रेषेत. डावा पाय जिथे मारायचे तिकडे पडला पाहिजे, वाकडा नाही. तो पूर्ण टेकेपर्यंत छाती वळवायची नाही. मग कंबर वळते, कंबरेमागून छाती, छातीमागून खांदा, खांद्यामागून कोपर, आणि सगळ्यांच्या शेवटी बोट दोरी सोडते. सोडल्यावर हात जागच्या जागी आवरायचा नाही. तो आपसूक डाव्या गुडघ्यापर्यंत येऊ द्यायचा.

"हात आवरला त काय होते?" कौतिकाने विचारले.

मनकर्णाबाईंनी आपला उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. "हे होते. म्या सारी जवानी खांद्यानं गुंडा मारला. लोक म्हणत, काय जोर हाय बाईच्या हातात! एके दिवशी भर सुगीत खांद्यात काईतरी ताडकन तुटलं. तवापासून माही वेणी दुसऱ्याच्या हाताची. खांदा चाकर हाय पोरी, त्याले मालक करू नको."

पुढचे चार दिवस कौतिका रिकामी गोफण फिरवीत राहिली. मनकर्णाबाई डोळे मिटून खाली बसत आणि दोरीचा आवाज ऐकत. पाय टेकण्याआधी छाती वळली की आवाज मधेच तुटे. "पुन्हा," त्या डोळे न उघडता म्हणत. पाचव्या दिवशी सकाळी तो आवाज प्रथमच न तुटता सरळ गेला. मनकर्णाबाईंनी डोळे उघडले आणि मातीचे गुंडे पुढे सरकवले.

काळ्या मातीत दगड सापडत नाही, आणि सापडला तरी त्या भागात गोफणीला दगड लावायची रीत नव्हती. चिकणमातीत भुसा कालवून लिंबाएवढे गुंडे वळायचे, उन्हात वाळवायचे. पडला की गुंडा फुटला पाहिजे, म्हणजे वखराच्या पासेला, त्या लोखंडी पात्याला, काही लागत नाही. नत्थुजीने बारा वर्षे मातीचाच गुंडा मारला होता.

त्याच दिवशी भोरड्या आल्या.

उत्तरेकडून प्रथम धूर यावा तसे काही दिसले. तो धूर वळला, पसरला, आखडला, आणि वावरावर उतरला तेव्हा ऊन क्षणभर मंद झाले. गुलाबी पोटाची, काळ्या डोक्याची हजारो पाखरे कणसाकणसावर लटकली. ज्वारीची ताटे वाकली. कौतिकाने गुंडा मारला. तो साठ पावलांवर जाऊन फुटला. जवळची पाखरे उठली, एक फेरी घेऊन शेजारच्या खुशालरावांच्या धुऱ्याकडच्या टोकाला जाऊन बसली. गुंडा तिथवर पोचत नव्हता, आणि पाखरांना ते तासाभरात कळले.

संध्याकाळी मनकर्णाबाई त्या टोकाला चालत गेल्या. कडेच्या सहा तासांतली, म्हणजे पेरलेल्या ओळींतली, कणसे रिकामी होती. हातात धरली की भुसा गळे. दुसऱ्या दिवशी अकरा तास गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोजले नाही.

"चंद्रभान, नाल्यातले गोटे आन टोपलीभर. गुळगुळीत पाहून."

"आजी, गोटे त वावरात चालत नाईत ना? तूच सांगत होती."

"वेचून घेऊ मंग. आन."

गोटा वेगळ्याच चालीने जातो. तो हवेत विरत नाही. पहिल्याच दिवशी कौतिकाचा गोटा धुऱ्याजवळच्या बाभळीपर्यंत गेला, आणि भोरड्या प्रथमच घाबरून उठल्या. त्या संध्याकाळी घरात सगळे पोटभर हसले. शेषरावाने लेकीच्या ताटात आपल्या हाताने लोणी वाढले.

खुशालरावांच्या वावरात वेचणी चालली होती. त्यांची नवी सून मैना, सोळा-सतरा वर्षांची, तोंडाने मोठी फटकळ. कंबरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरता भरता ती धुऱ्यापाशी येई आणि कंबरेवर हात ठेवून ओरडे, "अवं कौतिका! थ्या भोरड्या तुह्या गोट्याले फुटाणा समजून राहिल्या!"

"तुह्या सासऱ्याले म्हण, तुलेच बुजगावणं करून इथं उभं ठेव. पाखरं पाह्यल्याबरोबर पळतीन."

"आन् तुहा नवरा मले पाहून पळन त?"

साऱ्या वेचणाऱ्या हसत. कौतिका लाल होई, आणि पुढचा गोटा आणखी जोराने मारी. तो जोर खांद्यातला असे, म्हणून गोटा उंच उडून अलीकडेच पडे. मनकर्णाबाई खालून ओरडत, "रागानं नको मारू! राग खांद्यात उतरते."

गोटे हाती घेतल्याच्या आठव्या दिवशी कौतिका डाव्या हाताने जेवताना दिसली.

मनकर्णाबाईंनी चूल फुंकली. तव्यावर मीठ गरम केले, फडक्यात बांधले आणि पोरीचा खांदा स्वतः शेकला. हाताखाली मांस गरम, टणक लागत होते. विशीतला स्वतःचा खांदा त्यांना आठवला. "किती दिवस झाले?"

"तीन."

"सांगितलं काहून नाई?"

"तू थांबवलं असतं. मंग जवारी?"

मनकर्णाबाईंनी मिठाचे फडके पुन्हा खांद्यावर दाबले. त्यांनी दिवसाचे गोटे मोजून ठरवले: सत्तर झाले की कौतिकाने खाली उतरायचे, मग चंद्रभान. पण चंद्रभानाचा गोटा पाखरे ओळखून होती. तो मचाणावर चढला की भोरड्या बिनघोर होत. शेवटी त्या कौतिकालाच पुन्हा वर पाठवीत आणि खालून एकच गोष्ट सांगत, कंबर, कंबर, कंबर. पोरीची चूक आता एकच उरली होती: दोरी सुटताना ती डोळा उचलून गोटा कुठे जातो ते पाहत असे, आणि त्या क्षणी तोल मागे पडे. तेवढ्यामुळे पंचवीस-तीस पावले कमी पडत.

"गोट्याकडं नको पाहू. जिथं माराचं तिथं पाहाय. गोट्याले जाऊ दे."

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी खुशालराव ओसरीवर आले. पाणी घेतले, सुपारी घेतली, बैलांची चौकशी केली. मग उठता उठता म्हणाले, "वयनी, काल दोन गोटे माह्या पऱ्हाटीत पडले. एक टोपल्यात सापडला."

"आमच्या पोट्टीचा गोटा धुऱ्याच्या अल्याड पडते, भाऊजी."

"पडत होता."

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला. "चाळीस वर्स तुमच्या थ्या वावरात जवारी होती. या दिवसात मचाणाखाली तिथं माणूस नसे. आमचा नत्थुजी तिकडं तोंड करून मारे, तुमचा राखण्या इकडं तोंड करून मारे. पऱ्हाटी तुमी पेरली."

"मंग आता काय वेचाले माणसं नको आणू?"

"तसं कोण म्हणून राहिलं?"

"कापूस वेचणारी बाई वाकून राहाते वयनी. दिसत नाई. एवढंच सांगाले आलो." त्यांनी जोडे घातले. "जवारी झाली म्हणजे आमाले पायलीभर द्यान ना? घरात दाणा नाई." हे शेवटचे वाक्य त्यांनी पाठमोरे होऊन, घाईघाईने म्हटले.

"देईन ना," मनकर्णाबाई म्हणाल्या. ते दोन शब्द बोलताना त्यांना जे सुख झाले, ते त्यांनी स्वतःपासूनही लपवले नाही.

सकाळी त्यांनी कौतिकाला बजावले, "धुऱ्याच्या अंगानं हात राखून मार." कौतिकाने हात राखला. दोन दिवस गोटे अलीकडे पडले, आणि दोन दिवसांत ज्वारीची कड मचाणाच्या दिशेने वीस तास सरकली. उरलेले दाणे अजून पक्के व्हायला दहा-बारा दिवस हवे होते.

तिसऱ्या सकाळी थंडी पडली होती. दहिवर ताटांवरून थेंबथेंब गळत होते. भोरड्यांचे तीन थवे वेगवेगळ्या दिशांनी आले आणि वावरावर एक झाले. इतकी पाखरे मनकर्णाबाईंनी जन्मात पाहिली नव्हती. ती कडेच्या ज्वारीवर बसली तेव्हा ताटे मोडल्याचा आवाज ऐकू आला.

कौतिकाने राखून दोन गोटे मारले. एकही पाखरू हलले नाही.

"आजी, लांब मारू?"

मनकर्णाबाई मचाणाची शिडी दोन पायऱ्या चढल्या आणि धुऱ्यापलीकडे पाहिले. पऱ्हाटी कंबरेच्या वर आलेली, फुटलेल्या बोंडांनी पांढरी. तिथे कोणी दिसत नव्हते. एवढ्या दहिवरात ओल्या कापसाची वेचणी लागली नसेल असे त्यांच्या मनाने ठरवले. मन ठरवीत असताना खुशालरावांचे शब्द त्यांच्या कानात होते. ते नव्हते असे पुढे त्या कधीच म्हणू शकल्या नाहीत.

"मार," त्या म्हणाल्या.

कौतिकाने गोटा जाळीत बसवला. उजव्या टाचेवर भार घेतला. डावा पाय उचलला, आणि कुरकुरणारी फळी या वेळी कुरकुरली नाही. पाय सरळ पडला. कंबर वळली, मागून छाती आली, खांदा सैल होता, कोपर आले, आणि डोळा कणसांवरून केसभर हलला नाही. दोरी सुटली. हात आपसूक गुडघ्यापर्यंत गेला आणि पोर तिथेच, एका पायावर, लोट्यातले पाणी सांडणार नाही अशी स्थिर उभी राहिली. मनकर्णाबाईंच्या तोंडून "वा!" निघून गेले. साठ वर्षांत त्यांनी असा गोटा सुटलेला पाहिला नव्हता.

तो उंच गेलाच नाही. भोरड्यांच्या डोक्यांवरून हातभर अंतराने, शिट्टी घालत, सपाट गेला. थवा एकदम उठला. त्या हजार पंखांच्या घोंगाटात दुसरा कुठलाही आवाज ऐकू येणे शक्य नव्हते.

मग पाखरे दूर गेली आणि शांत झाले.

पऱ्हाटीतून एक डोके वर आले. मग दुसरे, मग पाच-सहा. वेचणाऱ्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे पाहू लागल्या. त्या सगळ्या एकाच जागेकडे वळल्या. तिथे कोणी उभे राहिले नाही.

मनकर्णाबाई शिडीवरून कशा उतरल्या, धुरा कसा ओलांडला, ते त्यांना कळले नाही. बायकांनी त्यांना वाट दिली. मैना दोन ओळींच्या मध्ये कुशीवर पडली होती. ओटा सुटून कापूस पसरला होता. कानामागून रक्त येत होते, फार नाही. डोळे अर्धे उघडे होते आणि श्वास घोरल्यासारखा चालला होता. एक म्हातारी तिचे तळपाय घाशीत होती.

"मैना. अवं मैना."

जिचे तोंड दिवसभर मिटत नसे, तिच्या ओठांना कापसाची एक तार चिकटून श्वासाबरोबर हलत होती.

खुशालरावांची गाडी अमरावतीला जाण्यासाठी रस्त्यावर भरून उभीच होती. दहा कोस जायचे होते. तिथे डॉक्टर होता. चार बायांनी मैनेला उचलून आणले आणि कापसाच्या गाडीवर चढवणार, तोच गाडीवान म्हणाला, "थांबा, थांबा." त्याने घडी केलेली घोंगडी उलगडून आधी कापूस झाकेल अशी नीट पसरली, कोपरे खोचले. मग म्हणाला, "हं, आता ठेवा." खुशालराव पाहत होते. मनकर्णाबाईही पाहत होत्या.

मग त्या पुढे झाल्या. "भाऊजी, पोरीचा दोष नाई. मार म्हणून मी सांगितलं."

खुशालरावांनी बैलांची वेसण धरली होती. त्यांनी मनकर्णाबाईंकडे पाहिले नाही. "वयनी, बाजूले व्हा. गाडी वळवाची हाय."

या गावात मनकर्णाबाईंना आजवर कोणी बाजूला व्हायला सांगितले नव्हते. त्या बाजूला झाल्या. चाक त्यांच्या पायाजवळून गेले.

परत येताना त्यांनी धुऱ्यावर घडीभर श्वास घेतला. भोरड्या तोवर परत आल्या होत्या. कडेला नाही, वावराच्या मधोमध, मचाणाच्या चारही अंगांनी बसल्या होत्या. चंद्रभान शिडीच्या तळाशी गुडघ्यांत डोके घालून बसला होता. कौतिका वरच होती. ती खाली उतरली नव्हती.

"कोणाले लागलं?" तिने वरून विचारले.

"मैनाले."

पोर मचाणाच्या कडेला आली. खाली पाखरे खात होती आणि कणसे तिच्या डोळ्यांसमोर हलकी होऊन वर येत होती. मग तिने टोपलीतून एक गोटा उचलला. तो ठेवला. पुन्हा उचलला.

"आजी, दुसऱ्या अंगानं तोंड करू का?"

मनकर्णाबाईंनी उगवतीकडे पाहिले. मग नाल्यापलीकडे, मग गावाच्या दिशेने, मग टेकडीकडे, जिथे त्यांचाच लेक आणि सून ओळीने वाकली होती. ऊन वर आले होते, दहिवर वाळले होते, आणि सगळीकडे वेचणी लागली होती. जिथवर नजर जात होती तिथवर पांढरे होते, आणि त्या पांढऱ्यातून मधेच एखादे डोके वर येई, इकडेतिकडे पाही, आणि पुन्हा बुडे.

"आजी, सांग ना. कोणत्या अंगानं मारू?"

मनकर्णाबाईंनी तोंड उघडले. साऱ्या जन्मात त्यांना हुकूम सुचला नाही असे झाले नव्हते. ज्वारीतून हजार चोचींचा बारीक, सावकाश आवाज येत राहिला, आणि मचाणावर कौतिका जाळीत गोटा घेऊन चारी दिशांना फिरत राहिली.